सुई नवी आहे का?

डॉक्टरसाहेब,

काल तुम्ही घरी येऊन म्हणालात, "बाई, इतकी वर्षं एचआयव्ही अंगात असून तुम्ही औषधाशिवाय ठणठणीत कशा? थोडं रक्त द्या, आम्ही शोधतो." तुम्ही गोड बोललात, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आम्ही पैशासाठी रक्त द्यायला जायचो, त्या प्लाझ्मा केंद्रातला माणूसही असाच गोड बोलायचा. सगळ्यांचं रक्त एकाच यंत्रात घालून तो वरचं पिवळं पाणी काढून घ्यायचा आणि उरलेलं लाल परत आमच्या अंगात सोडायचा. कुणाचं कुणाच्या अंगात गेलं, देव जाणे. त्याच रोगाने माझा नवरा गेला, मागोमाग दीर गेले. मी राहिले.

तेव्हापासून जाऊबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. "हिने स्वतः सुई टोचून घेतलीच नाही, आपल्या माणसांना पुढे केलं," असं त्या गल्लीभर सांगायच्या.

काल तुमचं बोलणं त्यांनी दाराआडून ऐकलं. तुम्ही गेल्यावर त्या आत आल्या. "म्हणजे तुलाही झालाय?"

मी मान डोलावली. त्यांनी माझा हात ओढून सुयांचे जुने वण बघितले. मग म्हणाल्या, "एकटीने जायचं नाही. सुई नवी काढतात का ते मी बघेन. आणि काढलेलं परत अंगात घालू द्यायचं नाही."

तेव्हा आम्ही दोघी येऊ. हे पत्र मात्र तुम्हाला मिळणार नाही. असल्या लोकांच्या हाती लिहून काही द्यायचं नाही, असं जाऊबाईंनी बजावलंय.

तुमच्यावर अजून भरवसा नसलेली,
काजं-बटणं करणारी बाई