शुक्रवारची पंधरा माणसं

७ मार्च, शुक्रवार

पंखे बंद करायचे, कारण वाऱ्याने मेणबत्त्या विझतात. म्हणजे रत्नागिरीच्या मार्चमध्ये, बंद चर्चमध्ये, घामाने निथळत आठ मिनिटं गप्प बसायचं. दर शुक्रवारची ही मूक प्रार्थना माझ्या बायकोने, यमुनाने, सुरू केली. याला ती विश्रांती म्हणते.

मी शेवटच्या बाकावर. हेल्मेट मांडीवर. काम एकच — बायकोला स्कूटरवरून नेणं-आणणं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला गाडी चालवायला मनाई आहे. चर्चच्या रजिस्टरात माझं नाव बाप्तिस्म्यापासून आहे. मी स्वतः त्यानंतर फारसा फिरकलो नाही.

शांततेच्या आधी एकच ओळ वीस वेळा गातात — ‘थांब माझ्या जिवा, तो जवळ आहे.’ तिसऱ्या वेळी माझा हात लाल पेनासाठी खिशाकडे गेला. वर्तमानपत्रात चौतीस वर्षं काढली, आधी बातमीदार, मग उपसंपादक. एक वाक्य दोनदा आलं की दुसरं कापायचं, एवढंच शिकलो.

माणसं सहा.

९ मार्च, रविवार

सुजय घरी आला. चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. मुलगा चांगला आहे, फक्त हळू बोलता येत नाही. त्याला शुक्रवारची संध्याकाळ हवी आहे — तरुणांच्या गाण्याची प्रॅक्टिस, कीबोर्ड, ड्रम.

“आंटी, सहा माणसांसाठी अख्खं चर्च अडवायचं?”

यमुनाने शांतपणे चहा ओतला. “किती हवीत?”

“पंधरा तरी. झावळ्यांच्या रविवारआधी जो शुक्रवार येतो, त्या दिवशी मी स्वतः येऊन मोजतो. पंधरा भरली तर शुक्रवार कायमचा तुमचा. नाही भरली तर आमचा.”

तो गेल्यावर ती बराच वेळ कप विसळत राहिली. तीनच कप होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तीस वर्षं वॉर्डात सिस्टर हे, सिस्टर ते. आता आठवड्यातून एक तास कुणी हाक मारू नये, एवढंच मागते मी.”

मी कॅलेंडर पाहिलं. झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा, १३ एप्रिलला. तारीख तेवढी लिहून ठेवली. ११ एप्रिल.

१४ मार्च, शुक्रवार

शिमगा. शांततेच्या बरोबर दुसऱ्या मिनिटाला रस्त्यावरून पालखी गेली. ढोल, ताशे, आरोळ्या. यमुना डोळे मिटून ढिम्म. तिच्या शेजारच्या बाई तिच्याइतक्याच भाविक, पण पाय ठेका धरत होता.

माणसं चार. दोघं पालखी बघायला गेली असावीत. मीही गेलो असतो.

१८ मार्च, मंगळवार

यमुनाला न सांगता एक मजकूर लिहिला आणि सकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला —

‘शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला चर्चमध्ये या. कुठल्याही धर्माचे असा. भाषण नाही. सत्कार नाही. आठ मिनिटं तुम्हाला कोणीही काहीही विचारणार नाही.’

आयुष्यात यापेक्षा चांगली जाहिरात लिहिलेली नाही.

२१ मार्च, शुक्रवार

अकरा!

दादू आला. मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. मला म्हणाला, “दिवसभर इंजिन. घरी दोन टीव्ही नि सासू. हितं गप बसायला बोलावतायत, मग नाय कशाला म्हणू वो?”

शेजारची अक्षयाही आली, दोन्ही पोरं नवऱ्याच्या अंगावर टाकून. शांतता संपल्यावर हळूच विचारते, “काका, एवढीच?”

परतताना स्कूटरवर मागून यमुना, “ही माणसं कुठून आली?”

“देवाची करणी.”

“देव मांडवीच्या ग्रुपवर आहे वाटतं.”

२८ मार्च, शुक्रवार

नऊ. दादू घोरला. सुरात होता, म्हणून कुणी उठवलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

तेरा. दादूने मेव्हण्याला आणलं. तुम्हीपण घोरा, इथे चालतं, असं सांगून आणलं म्हणे. यमुना हसली नाही, पण रात्री भाकऱ्या थापताना तीच ओळ गुणगुणत होती. आता मलाही पाठ झाली आहे. उपाय नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

सुजय वेळेवर आला आणि बाजूच्या बाकावर बसला. “मी मोजणारा. मला धरायचं नाही,” हे आधीच सांगून टाकलं. प्रामाणिक माणसाचा त्रास जास्त.

अक्षयाने सासूला आणलं. शांतता सुरू झाली तशी मी पुढून मोजलं, मागून मोजलं, मेणबत्तीमागचे दोघे पुन्हा मोजले. चौदा. दाराकडे बघितलं. दारात कुत्रंसुद्धा नव्हतं.

दिवे लागले. सुजय माझ्यापाशी आला. “अंकल, चौदा.”

“चौदाच,” मी म्हणालो. आकड्यात मी घोळ करत नाही.

तेवढ्यात दादू माझ्याकडे बोट दाखवून, “नि हे कोण? ह्यांना काय भिंतीला टेकवून ठेवलंय?”

सभेची गर्दी मोजताना बातमीदार स्वतःला धरत नाही. सगळ्या पक्षांच्या सभा मोजल्या, कधी धरलं नाही. महिनाभर इथेही धरलं नव्हतं, आणि ते ध्यानातही आलं नव्हतं.

सुजय म्हणाला, “अंकल आंटींना न्यायला येतात.” मग माझ्याकडे वळला. आज पहिल्यांदाच हळू बोलला. “तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते मी मानतो. प्रार्थना करत होतात, की आंटींची वाट बघत होतात?”

सगळे माझ्याकडे बघत होते. यमुना सोडून. ती बाकावर सांडलेलं मेण नखाने खरवडत होती.

“प्रार्थना,” मी म्हणालो.

“मग पंधरा,” सुजय म्हणाला आणि पंखे लावायला गेला.

चौतीस वर्षांत खोटी बातमी दिली नाही. निवृत्तीनंतर दिली, तीही चर्चमध्ये.

१२ एप्रिल, शनिवार

झोप लागली नाही. सकाळी यमुना हाताला तेल लावून फणस चिरत होती, तेव्हा सांगून टाकलं — काल मी खोटं बोललो.

“काल खरं कोण होतं?” ती म्हणाली. “मी आठही मिनिटं डोळे किलकिले करून माणसं मोजत होते. सुजय मोजत होता. दादू तर बोटांवर. शेवटी शेवटी डोळे मिटलेला माणूस एकच दिसला, तुम्ही. काय करत होतात?”

“तीनदा मोजलं, चौदाच. पुढे मोजण्यासारखं काही उरलं नाही. मग म्हटलं, एक पाठव.”

तिचा हात विळीवर थांबला.

“कुणाला म्हटलंत?”