वरून दिसलेली धूळ

१९ मार्च १९७६

वाचन घेतले. आकाश निर्मळ! प्रकाशमापक सूर्याकडे धरताना हात तसूभरही हलला नाही, ही परमेश्वराची कृपा. उपग्रह सोलापूरवरून जातो त्या सकाळी मी घरावरच्या माळवदावरून मोजतो, हवेने सूर्याचा किती प्रकाश गिळला ते. पुण्याला माझी लेक मालती उपग्रहाच्या चित्रावरून तेच गणिताने काढते. दोन्ही जुळले, की तिचे गणित खरे आणि प्रबंध पुरा.

शेजारच्या रत्नम्मांनी दरवर्षीप्रमाणे आपल्याबरोबर माझ्याही माळवदाला चुना देवविला. "मास्तर, चुना वल्ला हाय, कडंकडंनं चढा की!" आभार मानू लागलो, तर रागावल्या. शेजार लाभावा तर असा.

३ मे

मालतीचे पत्र. आकडे जुळत नाहीत! डिसेंबर-जानेवारीचे जुळले होते. मार्चच्या चित्रात मात्र तिच्या गणिताला शहरावर दाट धूळ दिसते, आणि माझा मापक म्हणतो— हवा स्वच्छ. तिच्या मार्गदर्शकांचा निर्णय: निरीक्षक वृद्ध आहेत, वाचने वगळावीत.

आणि पुढे— "नाना, आता एकटं राहणं पुरे. रविवारी येते. घर बंद करून पुण्याला चला."

पत्राच्या अखेरीस 'आशिर्वाद' असे ऱ्हस्व लिहिले आहे. विज्ञान तिला क्षमा करील. मी करणार नाही.

५ मे

"आकाशात मार्चपासून काय बदललं, ते आठवून ठेवा," असेही तिने लिहिले आहे. विचार केला. आकाशात काहीही बदललेले नाही. मग बदललो तो मी?

९ मे, रविवार

मालती सकाळच्या गाडीने आली. माझ्या हातांकडे पाहत राहिली. चहाचा पेला मी मुद्दाम काठोकाठ भरून तिच्यापुढे ठेवला. एक थेंब सांडला नाही.

नंतर मापक तपासायला ती माळवदावर गेली आणि डोळ्यांवर आडवा हात धरून जागीच थबकली. "अगं बाई! हे सगळं पांढरं कधी झालं?"

आमचेच नव्हे, सारी पेठ पांढरीशुभ्र. पाडव्याच्या आधी चुना देणे हा इथला परिपाठ. त्याविना उन्हाळ्यात घरात बसवत नाही.

रत्नम्मा पलीकडून म्हणाल्या, "सोलापूरची पोर तू, आन् ईसरलीस व्हय? ल्हानपनी चुन्याची बादली तूच धरत व्हतीस की!"

मालतीने तिथेच बसून मला सारे उलगडून सांगितले. उपग्रहाला पोहोचणाऱ्या प्रकाशातून आधी जमिनीचा वाटा वजा करतात. जे उरते ते हवेतल्या धुळीचे. तिने जमीन धरली होती डिसेंबरची, पावसाने चुना धुऊन नेलेली, मातकट. चुन्याने उजळलेला सगळा प्रकाश तिच्या गणितात धूळ होऊन बसला! मी सूर्याकडे पाहून मोजत होतो. माझ्या पायांखालच्या चुन्याचा त्याच्याशी संबंधच नव्हता.

"म्हंजे वरनं बघणाऱ्याला आमी सांगायला पायजे व्हतं, की बाबा, चुना लावलाय म्हणून?" रत्नम्मा.

मालती इतकी हसली, की तिचे डोळे भरून आले. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "नाना, तुमची वाचनं राहणार. आणि तुम्हीही इथेच राहणार."

१० मे

ती परत गेली. जमिनीचा हिशेब ऋतूनुसार नव्याने मांडावा लागेल, प्रबंध लांबला. तरी गाडीच्या खिडकीतून ती आनंदी दिसली. ज्या मुलीने माझी वाचने राखली, आणि ज्या पेठेने न सांगता साक्ष दिली, त्या दोहोंचा मी ऋणी आहे. या वयात आणखी काय मागावे?

१४ मे

वाचन घेतले. हलकी धूळ— या खेपेस खरोखरची!

२८ मे

वाचनासाठी निघालो. जिन्याशी रत्नम्मांनी अडवले. "आत्ताच तर उतरलात की, मास्तर! मागल्या खेपेलाबी असंच, दोनदा चढलात." त्यांनी हे तोंडावर सांगितले, हे त्यांचे उपकार. मला काहीही आठवत नाही. मालतीला लिहिले: मागची चूक माझी नव्हती, ही आहे. न्यायला ये.