कावेरीच्या आहाराचं गणित आणि रविवार

लातूर, १४ फेब्रुवारी २००१

तीर्थस्वरूप महादेवप्पा मामांना जावई शिवप्रसादचे शरणु शरणार्थ. पाकिटावर घर क्रमांक एकशे बारा ठळक घातला आहे, कारण भूकंपानंतरच्या तुमच्या नव्या गावात सगळी घरं सारखीच आणि मागचं पत्र एकशे एकवीसवाल्यांनी फोडून, वाचून, वर दोन सूचना लिहून तुम्हाला दिलं होतं. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला थांबला का? आम्ही सगळे मजेत. मंजुश्री मजेत, देविका बारावीत, आणि तुमची कावेरी तर इतकी मजेत आहे की तिच्याविषयीच चार ओळी लिहायला बसलो. (घाबरू नका. उभी आहे.)

नातीला बारावीच्या वर्षात घरचं दूध मिळावं म्हणून दिवाळीला तुम्ही गाय टेम्पोतून पाठवलीत. मामींनी पत्र्याच्या शेडात बाटलीनं दूध पाजून वाढवलेली कालवड ती, उतरवताना तुम्ही मला एवढंच बजावलंत की हिला काही झालं तर म्हातारी माझ्याशी बोलायची नाही. मी गणिताचा माणूस. जबाबदारी अंगावर आली की आधी समीकरण मांडतो. माझा एक जुना विद्यार्थी आता गुरांचा डॉक्टर आहे, त्यानं मला एक फ्लॉपी दिली. त्यात गाईची माहिती भरली की तिला रोज किती ऊर्जा लागते, किती प्रथिनं लागतात आणि आपण घालतो ते पुरतं की नाही, हे संगणक सांगतो. तुम्ही हे काम पाठीवर हात फिरवून करता, पण हाताला दशांश चिन्ह नसतं.

माहिती भरता भरता मात्र नाकी नऊ आले. गाईचं वजन हवं, म्हणून मंजुश्रीच्या ब्लाउज शिवायच्या टेपनं छातीचा घेर घेतला, त्याचा वर्ग केला, लांबीनं गुणला, सहाशे साठनं भागलं. (टेप परत मिळालेली नाही. कावेरीनं ती खाल्ली असा मंजुश्रीचा आरोप आहे. मी प्रथिनांत धरलेली नाही.) मग केसांची लांबी, वाऱ्याचा वेग, अंगावर चिखलाचा थर किती. फ्लॉपीतला तो प्रोग्रॅम बनवणारा माणूस बहुतेक बर्फाच्या देशातला असावा. आपली देवणी गाय बघून संगणकानं दोनदा विचारलं की हे नक्की का. तरी शेवटी उत्तर आलं: कडबा इतका, सरकी पेंड इतकी, तुरीची चुणी इतकी, गव्हाचा कोंडा इतका. मी तराजूवर तोलून घालू लागलो आणि दूध पाच लिटरचं साडेसहा झालं. मामा, त्या आठवड्यात मी रस्त्यानं ताठ मानेनं चालत होतो.

आणि मग रविवार सुरू झाले. सोमवार ते शनिवार गाय गव्हाण चाटून पुसून साफ करायची, रविवारी संध्याकाळी मात्र तोंड फिरवायची. पोट टम्म, रवंथ बंद, सोमवारी दूध तीन लिटर. मी आकडेमोड पुन्हा केली. पेंड कमी केली, कोंडा कमी केला. संगणकाच्या मते गाय उपाशी होती आणि टेपनं (नव्या) मोजलं तर घेर वाढत होता. शेवटी मी समीकरणात वार नावाचा नवा रकाना घातला आणि क्लासमध्ये फळ्यावर दुधाच्या चढउताराची लाट काढून तीनशे मुलांना विचारलं की गाईला रविवार कसा कळतो. तीनशेच्या तीनशे पोरं एकदम वहीत डोकं घालून बसली. इतकी एकाग्रता मी पंधरा वर्षांत पाहिली नव्हती. घरी येऊन मंजुश्रीला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

गेल्या रविवारी कावेरी खालीच बसली, उठेना. मला भीती वाटली, खरंच वाटली. मामींचा चेहरा डोळ्यांपुढे आला. डॉक्टर धावत आला, कुशीवर थाप मारली, कान लावला, सोडा पाजला आणि म्हणाला, "सर, ही आजारी न्हाई. ही पोटभर चपात्या खाऊन बसली." मी म्हटलं, माझ्या तक्त्यात चपाती हा पदार्थच नाही. तेव्हा तो माझ्याकडे न बघता म्हणाला की सर, आमच्या बॅचला तुमच्या दारात गाय नव्हती, आम्ही चौकापर्यंत जात होतो.

रविवारी आमच्याकडे सराव परीक्षा असते. परीक्षेआधी गाईला घास घातला की पेपर सोपा जातो, हे लातुरातल्या प्रत्येक खोलीवर राहणाऱ्या पोराला माहीत आहे. गाय ठेवायला आम्हाला जागा क्लासच्या मागेच. मेसमधून रुमालात चपात्या बांधून पोरं मागल्या गल्लीत रांग लावत होती, आणि पुढच्या खोलीत मी त्यांच्याचसाठी प्रश्नपत्रिका मोजत होतो. दर रविवारी शंभरेक चपात्या, मामा, वर गूळ. रांगेत पहिली कोण असायची हे विचारलं तर देविका. मी रागावलो, तर पोरगी शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुमचं गणित येतंय आम्हाला. जे येत न्हाई, त्याच्यासाठी चपाती हाय." तिच्या चपात्या लाटून कोण देत होतं, ते मग मी विचारलं नाही.

आता कावेरी उठली आहे, कडबा खाते, कान हलवते. मागच्या दाराला कुलूप आहे. तेव्हा काळजीचं काहीच कारण नाही आणि तुम्ही मुद्दाम येण्याची तसदी घेऊ नये. मामींना यातलं काही वाचून दाखवू नये.

आपला,
शिवप्रसाद

ता. क. येत्या बुधवारी बारावीचा पहिला पेपर. आमच्या गल्लीत गाय आहे ही बातमी बाकीच्या क्लासेसमध्येही पोचली आहे. सकाळपासून चार पालक गेटवर पेपराच्या दिवशीची वेळ विचारून गेले. डॉक्टर म्हणतो, पुन्हा तसं झालं तर गाय हाती लागणार नाही. कुलुपाचा भरवसा नाही, किल्ली मंजुश्रीकडे आहे. हात जोडतो, मंगळवारच्या आत टेम्पो घेऊन या आणि तुमची कावेरी घेऊन जा. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच.

ता. क. २. पाकीट बंद करणार तोच देविका येऊन शेजारी बसली. तीन रात्री नीट झोपलेली नाही. टेबलावरचे कावेरीचे तक्ते उगीच चाळत राहिली. तेव्हा मामा, टेम्पो मंगळवारी नको, बुधवारी आणा, सकाळी दहानंतर. तोवर गल्लीच्या तोंडाशी मी स्वतः काठी घेऊन उभा राहतो, एकाही पोराला आत सोडत नाही. फक्त एक चपाती आत जाईल. चाळीस ग्रॅमची आहे. बुधवारच्या कोंड्यातून मी तेवढे वजा केले आहेत.