डोरीनबाईंचं मन आमच्या घरी राहिलं

काराकोल,
सफरचंदं उतरवून झाल्यानंतरचा शुक्रवार

आदरणीय दुइशोनबेक भावजींना धाकट्या मेहुणीचा, सोनुनबूबूचा, अनेकवार सलाम.

तुमची जनावरं-माणसं खुशाल आहेत ना? (बिश्केकात चौथ्या मजल्यावर तुमच्याकडे एका मांजरापलीकडे जनावर नाही हे मला ठाऊक आहे, पण विचारायचं ते विचारायलाच हवं. मांजर खुशाल आहे ना?) ताईचा गुडघा कसा आहे? तुमचं ब्लडप्रेशर? पुढे वाचण्याआधी गोळी घेऊन ठेवा, कारण या पत्रात तुमचं नाव अधूनमधून येणार आहे आणि ते कौतुकासाठी नाही. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी आणि गाय.

तुम्हाला आठवत असेल, जुलैत आमच्या पाहुण्यांच्या खोलीत डोरीन नावाच्या एक इंग्रज बाई चार दिवस राहिल्या होत्या. सत्तरीच्या, शिडशिडीत, खायला चिमणीएवढ्या. मी वाढायची, त्या पोटावर हात ठेवायच्या, मी पुन्हा वाढायची, असे आमचे चार दिवस फार छान गेले. जाताना त्यांनी आमच्या वहीत इंग्रजीत एक ओळ लिहिली. ती मी तुम्हाला फोनवर अक्षर न् अक्षर वाचून दाखवली, कारण आपल्या नात्यागोत्यात इंग्रजी येणारे तुम्ही एकटे. (येणारे म्हणजे, गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात असताना तुम्ही कॅसेट लावून शिकला होतात, तीही तिची एकच बाजू.) तुम्ही घसा खाकरून अर्थ सांगितलात, "माझं मन या घरात राहिलं." आणि वर विचारलंत, "सोनुन, काय केलंस गं त्या म्हातारीला?"

भावजी, मन राहिलं म्हणजे काय हे आपल्यात शेंबड्या पोरालाही कळतं. मन राहिलं म्हणजे दुखावलं, विटलं, त्या माणसाशी आता पुन्हा जुळायचं नाही. पाहुणा असा गेला की घराची बरकत त्याच्या मागोमाग निघते, असं आमच्या सासूबाई म्हणायच्या (आणि त्यांच्या हातून एकही पाहुणा जेवल्याशिवाय सुटला नाही, इन्कमटॅक्सवालासुद्धा). मग मी कारण शोधायला बसले. मी शोधायला बसले की कारणाला सापडावंच लागतं, आणि सापडलं. तिसऱ्या दिवशी आमच्या सूनबाईंनी, झिबेकनं, डोरीनबाईंना चहाची वाटी काठोकाठ भरून दिली होती. आता पाहुण्याला अर्धीच वाटी द्यावी आणि पुन्हा पुन्हा भरावी, भरलेली वाटी म्हणजे "प्या आणि निघा", हे काय नव्यानं शिकवायचं?

झिबेक म्हणाली, "आई, त्यांनीच खुणेनं भर म्हटलं. त्यांच्याकडे तशीच पितात."

मी म्हटलं, "त्यांच्याकडे पितात ते त्यांच्याकडे. हे घर माझं आहे."

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण तिनं किटली उचलली की मी म्हणायची, "जपून हो, आणखी कुणाला वाटेला लावशील." असं महिनाभर चाललं. ऑगस्टच्या अखेरीला झिबेक थोरल्या बहिणीकडे निघून गेली. भांडली नाही. दूध काढलं, गाळलं, झाकून ठेवलं, निघताना रीतीप्रमाणे नानचा तुकडा मोडून तोंडाला लावला आणि गेली. बोट ठेवायला जागा म्हणून ठेवली नाही. मुलगा तिकडे रशियात बांधकामावर. त्याला मी फोनवर सांगितलं की झिबेकच्या बहिणीला बरं नाही. नंतर कळलं, तिनंही त्याला अगदी हेच सांगितलं होतं.

गेली तर गेली, म्हटलं, अंगात मस्ती आहे. आधी डोरीनबाईंची माफी मागायची, तीही त्यांच्याच भाषेत, मग बाकीचं बघू. म्हणून मी वाचनालयात क्लारा ओमुरोव्नाच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं. (या क्लाराबाईंनी पंचवीस वर्षं निम्म्या गावाला जर्मनमध्ये नापास केलं, आता उरलेल्यांना इंग्रजी शिकवतात.) वर्गात आम्ही पाच बायका आणि एक टॅक्सीवाला. पहिल्या दिवशी मी विचारलं, "माफी मागायला शब्द कोणता?" त्या म्हणाल्या, "कोणता म्हणजे? इंग्रजीत एका भावनेला एक शब्द पुरत नाही. जिना असतो." खालच्या पायरीवर सॉरी, मग अशेम्ड, मग रिमोर्सफुल, आणि पार माळ्यावर हार्टब्रोकन. मी जिना चढायला घेतला. दूध काढताना, पीठ मळताना, झाडावर शिडी लावून, तोंडानं एकच जप. शेजारची उमसुनाई कुंपणावरून म्हणाली, "सोनुन, अगं कुणी करणी केली का तुझ्यावर?" मी म्हटलं, "अभ्यास आहे." ती तेव्हापासून मला दुरूनच सलाम करते. करू दे. एका महिन्यात माझे सतरा शब्द पाठ झाले.

मध्येच एकदा क्लाराबाईंनी घरचा अभ्यास दिला. स्वभावाचे शब्द दिले होते, प्रत्येक शब्दापुढे ओळखीच्या माणसाचं नाव लिहायचं. डिटरमिन्ड म्हणजे ठरवलेलं तडीला नेणारी, तिथे मी माझं नाव लिहिलं. स्टबर्न म्हणजे हेकट, तिथे झिबेकचं. वही परत आली तेव्हा लाल शाईनं दोन बाण काढून नावांची अदलाबदल केलेली. मी विचारलं, "ही चूक कशी?" क्लाराबाई म्हणाल्या, "व्याकरण बरोबर आहे. पण मी याच गावात राहते." मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही, वर्गाला मात्र एकही दिवस चुकले नाही.

तर शेवटी मी डोरीनबाईंना फोनवरून पत्र पाठवलं. सतराच्या सतरा शब्द घातले. पाहुण्याला वाढताना आपला हात आखडत नाही, तर इथे कशाला आखडायचा? चौथ्या दिवशी फोनवर उत्तर आलं. मी ते वर्गात क्लाराबाईंपुढे ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा म्हटलं, कारण मला वाटलं माफी मिळाली असणार. क्लाराबाईंनी पहिली ओळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बाई विचारतायत, तुमच्या घरी कोण गेलं?"

मग सगळा उलगडा झाला. भावजी, इंग्रजांत मन मागे राहिलं म्हणजे जागा इतकी आवडली की पाय निघेना! दुखावलं वगैरे काही नाही. तुमच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला हे असणार. पुढे डोरीनबाईंनी लिहिलं होतं, "त्या घरात मला सगळ्यांत काय आठवतं, तर ती काठोकाठ भरलेली चहाची वाटी. मला भाषा येत नव्हती, पण त्या मुलीला माझी खूण कळली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. कळवाल का?" टॅक्सीवाला हसला, बायका हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं ते थांबेना. परक्या बाईचं मन दुखावलंच नव्हतं, त्याच्यासाठी मी सतरा शब्द घोकले. आणि जिचं मन खरंच राहिलं, ती तीन वर्षं माझ्या शेजारी बसून चहा ओतत होती.

असो. तुमच्यावर माझा राग नाही. (क्लाराबाईंच्या वहीत रागाचे अकरा शब्द आहेत, त्यांतले पहिले तीनच तुमच्यावर आहेत.) ताईला सांगा, गुडघ्याला गरम मीठ बांधत जा. तुमच्या आयुष्याला आणि मांजराच्या भुकेला बरकत येवो.

तुमची मेहुणी,
सोनुनबूबू

ता.क. झिबेकची बहीण ओश बाजाराच्या मागे राहते, तुमच्या घरापासून बसनं दोन थांबे. बिश्केकच्या गाडीच्या ड्रायव्हरबरोबर सफरचंदांचं पोतं पाठवते आहे, ते घेऊन तिच्याकडे जाऊन या. डोरीनबाईंचं पत्र क्लाराबाईंनी आपल्या भाषेत उतरवून दिलंय, ते सोबत आहे, तेही द्या. तुमच्या भाषांतरामुळे ती गेली, तेव्हा जाणं तुम्हालाच शोभतं.

ता.क. २. मी पाठवलं असं मात्र म्हणू नका. सहज आलो म्हणा. माझं तिच्यावाचून काही अडत नाही. सगळी बाग मी एकटीनं उतरवली, एक शिडी तेवढी मोडली.

ता.क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलं. सहज आलो म्हणू नका. तुम्ही कधीच कुणाकडे सहज जात नाही, तिला खरं वाटणार नाही. मीच पाठवलं म्हणा. ती विचारेल, आईंनी निरोप काय दिलाय. इंग्रजीतलं काही सांगत बसू नका. आपल्या भाषेत सांगा, आई म्हणाली, चुकलं माझं. ती परत येणार नाही म्हणाली, तरी एवढं सांगूनच या.