वारा धरला होता

सोलापूर, ८ नोव्हेंबर १९७८

चि. सुलोचना,

सकाळपासून उठतोय, बसतोय. तुझ्या बाळाला बघायला या म्हणून तू अमेरिकेहून धाडलेल्या प्रवासविम्याच्या फॉर्मवर 'हृदयविकार होता का?' इथंच पेन अडतंय. मार्चात छातीत वारा धरला म्हणून कळवलं होतं. पोरी, तो हार्ट अॅटॅक होता. डॉक्टर आता जा म्हणतात. पण 'हो' लिहिलं तर विमा तिकिटापेक्षा महाग. 'नाही' लिहून तिकडं काही झालं, तर दवाखान्याचं बिल तुझ्या गळ्यात.

तुझी आई म्हणते, "वाराच लिवा की!"

पण तू नर्स, आणि फॉर्म तुझ्याच हाती येणार.

त्यापेक्षा थंडी सोसत नाही, बाळाला इकडंच आण, असं दुसऱ्या पत्रात लिहितो. हे ट्रंकेत ठेवतोय. पुन्हा वारा धरलाच, तर तुला सापडेल.

तुझा,
आबा