ओरिजिनल टायर

बडोदे, दसरा, संध्याकाळ

हात दोनदा धुतले, तरी अंगठ्याचं कुंकू जात नाहीये.

आज लेकीला, मुक्ताला घेऊन हरणी भागात तिच्या मैत्रिणीच्या वडिलांकडे, जयेशभाईंकडे गेलो होतो. जन्मभर मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात यंत्रं तपासली, म्हणून त्यांना माझं मत हवं होतं. त्यांच्या दोन ब्रिटिश गाड्यांतली सरस कुठली? मॉडेल एकच, दोन्ही दुर्मीळ. ड्रायव्हर मधोमध, दोन्ही बाजूंना एकेक सीट. एक लांब शेपटीची, आतून मऊ चामड्याची, भरपूर पळालेली. दुसरी हलकी, मागे भला मोठा पंख, जवळजवळ न चाललेली. टायरही कारखान्यातून आले तेच. शौकीन हिच्यावरच जीव टाकतात. मीही हिच्याच बाजूने कौल दिला.

मग पूजा. हिच्या टायरला ओलं कुंकू लावलं आणि अंगठ्याखाली लाल रेघा उमटल्या. केसासारख्या बारीक, सगळीकडे. रबर वाळून तडकलंय, आणि वरची नक्षी मात्र कोरी करकरीत!

म्हटलं, "आधी टायर बदला. वेगात फुटतील."

जयेशभाई हसले. "ओरिजिनल छे, साहेब. ए ज तो एनी शान छे!" म्हणे तीच तर तिची शान.

उद्या सकाळी हीच गाडी हायवेला काढणार. एका बाजूला त्यांची मुलगी, दुसऱ्या बाजूला मुक्ता. ती तिकडेच राहिलीय, मैत्रिणीकडे. माझं ऐकेल तर ना! पहाटेच जाऊन गाडीपुढे उभा राहतो. त्या लाल रेघाच दाखवतो सगळ्यांना.

आत्ता तिचा मेसेज आला. "बाबा, काळजी नको. काकांनी टायर धुवून घेतले. आता एकही रेघ दिसत नाही."