तीन पाण्यांनी धुतलेलं खाद्य

निफाड,
१४ ऑगस्ट २००१

तीर्थस्वरूप कुसुमकाकूस,

वल्लरीचा नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण हौदाकाठी चिखल असल्यामुळे नुसते गुडघे टेकले; उरलेली अंगं घरी आल्यावर टेकवीन. तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला? (त्यांना सांग, रामकुंडावर ओल्या पंच्याने उभं राहून यजमानांशी गप्पा मारू नका. ऐकणार नाहीत, तरी सांग.) मी खुशाल आहे. पण खुशालीपाशीच पत्र थांबवलं तर ते अर्धसत्य होईल, आणि चौथीपर्यंत मला घरी तूच शिकवल्यामुळे अर्धसत्य लिहिणं मला अजून जमत नाही.

तुला ठाऊकच आहे, इथे खंडेरावांच्या द्राक्षबागेच्या कडेला सिमेंटचे सहा हौद आहेत. त्यांत रोहू-कटला माशांची जिऱ्याएवढी पिल्लं आणून सोडायची आणि बोटाएवढी झाली की तळीवाल्यांना विकायची. मधली सगळी जोपासना माझ्याकडे. तळ्यातली पिल्लं पाण्यातलं काहीबाही खाऊन निभावतात, हौदातल्यांना मात्र आपण घालू तेवढंच. म्हणून पेंड आणि कोंड्याच्या बारीक गोळ्यांना जीवनसत्त्वांची पिवळी पूड लावलेली असते. त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व कमी पडलं की पिल्लांचा कणा वाकतो. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि मला पाचपैकी पाच गुण मिळाले होते. (लाज वाटते ती त्या पाचांचीच.)

तर, पहिल्याच दिवशी पोतं उघडलं आणि गोळ्यांवर पिवळी धूळ दिसली. काकू, त्या क्षणी मला कॉलेज आठवलं नाही, तू आठवलीस. आपल्याकडे तांदूळ तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय चुलीपाशी जात नाही, आणि न धुतलेलं कुणाच्या तोंडी घालायचं नाही, मग तो देव असो की दारातली गाय. मी गोळ्या चाळणीत घेतल्या आणि अलगद, फुटू न देता, पाणी नितळ येईपर्यंत धुतल्या. पुढे दिवसातून दोनदा, सलग पाच आठवडे. शिवाय पाणी जरा हिरवट झालं की हौद घासून लख्ख करायचे, म्हणजे चुकूनमाकून काही खायला मिळालं असतं तेही गेलं. धुतलेलं पिवळं पाणी वाया घालवू नये (हेही तुझंच), म्हणून ते हौदाशेजारच्या जास्वंदीला घालत गेले.

पाचव्या आठवड्यात निम्मी पिल्लं वाकली. खंडेराव हौदात डोकावले आणि म्हणाले, “मॅडम, आपण मासे इकतो का कोयते?” मग त्यांनी निकाल लावला, की पूडच भेसळीची, आणि दुकानदाराशी भांडायला स्कूटर काढली. तेवढ्यात हौदाशी झाडणाऱ्या अंबूबाई मला हळूच म्हणाल्या, “ताई, लय दिवस इचारीन म्हनत व्हते. मासे पान्यातच ऱ्हात्यात, मंग त्यांचं जेवण कशाला धुता?”

मी जास्वंदीकडे पाहिलं. माझ्याहून उंच झाली होती, फुलं वाटीएवढी, आणि पाठ अशी ताठ की काय सांगू!

गप्प बसता आलं असतं. पण सहा वर्षांची असताना लोणच्याची बरणी फोडून मी कोनाड्यात लपवली, तेव्हा तू म्हणाली होतीस, “फुटली ते चालेल, लपवली ते नाही.” मी धावत जाऊन स्कूटरपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं, तिन्ही पाण्यांसकट. खंडेरावांनी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. मग म्हणाले, “तुमच्या घरी लय स्वच्छता दिसती.” आणि थोड्या वेळाने, “पुढल्या सोमवारी नवी खेप येतीय. ती सरळ निघाली तर ठीक, नायतर मॅडम, आपला रामराम.” ओरडले असते तर मी रडले नसते. हळू बोलले, म्हणून रडू आलं.

बाकी सर्व ठीक. तुमचा आशीर्वाद आहेच, तो चाळणीतून गळत नाही एवढं बरं.

तुझी,
वल्लरी

ता. क. : कॉलेजच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, आता उघडी पोती भरवशाची नाहीत. ताजी पूड आणून तेलाचा हात देऊन तूच गोळ्यांना लाव. मी लावली, तर गोळ्यांचा लाडू झाला. तुझ्या चिवड्यातल्या दाण्यादाण्याला मसाला दिवाळीपासून देवदिवाळीपर्यंत चिकटून असतो. तेल किती, कोमट की गार, पूड आधी की मागून? खरं तर लिहून कळवू नकोस, रविवारी तूच ये, मोठी परात घेऊन. हौदांकडे पाठ करून बस, वास फक्त पेंडीचा येतो. हे विचारायलाच पत्र लिहायला घेतलं होतं, धीर आता झाला.

आणखी ता. क. : मासे पुढे कुठे जातात असं काकांनी विचारलं तर “मोठ्या तळ्यात” असं सांग. ते खोटं नाही. (अर्धंच आहे. रात्री जाग आली की मी उरलेल्या अर्ध्याचाच विचार करते.)

शेवटचं : वाकडी पिल्लं कुणी घेत नाही, म्हणून खंडेरावांनी ती मला देऊन टाकली. सहाव्या हौदात ठेवली आहेत. त्यांतलं एक सगळ्यांत वाकडं आहे, पण पाणी जरा गढूळ झालं की ते नळाच्या धारेखाली जाऊन उभं राहतं आणि बाकीच्यांना जवळ येऊ देत नाही. त्याचं नाव कुसुम ठेवलं आहे. रागावू नकोस. रविवारी थोडा वेळ तोंड हौदाकडे केलंस, तर तुमची गाठ घालून देईन.